बाथरूमचा घर्षणांक

मंगळवारी सकाळी सर बाथरूममध्ये पडले, आणि पडल्या पडल्या आतूनच त्यांनी ओरडून जाहीर केलं, "मी पडलेलो नाही!"

बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून आपल्या पाळीची वाट बघणारे धाकटे क्षणभर गोंधळले. धप्पकन आवाज झाला होता. बादली भिंतीवर आदळली होती, प्लॅस्टिकचा मग अजून गडगडत होता. एवढं सगळं होऊन कुणीच पडलेलं नाही, हे कसं काय?

"बाबा, दार उघडा आधी!"

"उघडतो. घाई करू नकोस. मी पडलो नाही रे, घर्षण कमी पडलं."

सर म्हणजे धाकट्यांचे वडील. सगळी हयात शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली. निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी इमारतीत लहानथोर सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यामुळे त्यांचा मुलगा काही न शिकवता 'धाकटे सर' झाला आणि पुढे लोकांच्या आळसापायी त्यातलं 'सर' गळून नुसते 'धाकटे' उरले. हे धाकटे विमा कंपनीत दावे नाकारण्याच्या खात्यात आहेत. खात्याचं नाव वेगळं आहे, पण काम हेच. पदार्थविज्ञानाशी तर त्यांचं पहिल्यापासून वाकडं. नववीत सरांनी तपासलेल्या पेपरात ते नापास झाले होते, आणि त्या दिवशी जेवताना सरांनी त्यांच्याकडे न बघता "आमच्या वर्गात एक मुलगा आहे" अशी सुरुवात करून सगळ्या घराला त्या मुलाची कीव करायला लावली होती.

दार उघडलं. सर भिंतीला टेकून उभे होते, कोपर खरचटलेलं, अंगावर साबणाचा फेस, आणि चेहऱ्यावर पेपर फुटल्यासारखा राग. धाकटे हात धरायला पुढे झाले, तसा सरांनी हात झटकला.

"मला चालता येतं."

सरांचा हा बाणा जुना. बसमध्ये कुणी जागा दिली तर ते पुढच्या थांब्यावर उतरून पायी येत. हात धरू देणं तर लांबच राहिलं.

ही बातमी ताईला कुणी कळवली, असा प्रश्न घरात कुणी विचारला नाही, कारण धाकट्यांची बायको आणि ताई यांचं फोनवर बोलणं झाल्याशिवाय दोघींचा दिवस सुरूच होत नसे. ताई धाकट्यांची मोठी बहीण. लहानपणापासून हुकूम सोडायची सवय, आणि तो पाळायची धाकट्यांची. दुपारीच तिचा फोन आला.

"मी रविवारी येते आणि बाबांना घेऊन जाते. कायमचं. माझं बाथरूम बघितलंयस ना? भिंतीला दांडे, खाली खरखरीत फरशी, आणि दाराशी हात धरायला माणूस."

"अगं पण ताई, इथेच काहीतरी सोय..."

"रविवारपर्यंत बाथरूम धड करून दाखव, मग बोल. मी स्वतः बघणार आहे."

सर हे ऐकत होते. जाईन म्हणाले नाहीत, जाणार नाही असंही म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी सुनेला एवढंच विचारलं, "तिच्याकडे माझी पुस्तकं कुठे मावतील गं?" धाकट्यांना रोजची संध्याकाळ आठवली. संध्याकाळी कचेरीतून आलं की सर दारातच एक प्रश्न टाकत. आज बसला ब्रेक लागला तेव्हा तू कुठल्या बाजूला कललास? तुझ्या पेनाची शाई कागदालाच का धरते, काचेला का नाही? धाकटे बूट काढता काढता वैतागत, चुकीचं उत्तर देत आणि आत जात. गेली कित्येक वर्षं हे चाललं होतं. आता या प्रश्नाशिवाय घरात शिरायचं, या कल्पनेनेच ते हबकले. पण असलं काही बापाला तोंडावर सांगायची त्यांच्या घरात रीत नव्हती. त्यापेक्षा बाथरूम दुरुस्त करणं सोपं, असं त्यांना वाटलं. माणूस किती भोळा असू शकतो बघा.

सल्ल्यांना काय तोटा! समोरच्या दारातल्या काकूंनी सकाळचा धप्प ऐकलाच होता. त्या एक रबरी चटई घेऊनच आल्या. "ही टाका. आमचे हे पडायचे, आता पडत नाहीत." काकूंचे 'हे' आता बाथरूमलाच काय, कुठेच स्वतःहून जात नाहीत, हे धाकट्यांना माहीत होतं, पण शेजारधर्म म्हणून त्यांनी चटई अंथरली. सरांनी दाराशी उभं राहून ती पायाच्या अंगठ्याने हलकेच ढकलली. चटई सुळ्ळकन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली.

"वा!" सर खुश होऊन म्हणाले. "आधी फक्त माणूस घसरायचा, आता वाहनाची सोय झाली."

मग फरशीवाला आला. त्याने बाथरूमकडे बघून असा सुस्कारा सोडला की धाकट्यांना घरात कुणी गेल्यासारखं वाटलं. "ही गुळगुळीत फरशी काढा, खरखरीत घाला, भिंतीला दांडे ठोका. दोन दिवसांचं काम." धाकट्यांचा जीव भांड्यात पडला. पण फरशीवाला हत्यारांची पिशवी उघडतोय न उघडतोय तोच जिन्यातून इमारतीचे सेक्रेटरी उगवले. हातोडीचा आवाज यांना हातोडी उचलण्याआधी ऐकू येतो.

"बाथरूमला हात लावायचा तर खालच्यांची हरकत नाही असं लेखी लागतं."

"अहो, घरात म्हातारं माणूस आहे, पडलंय..."

"पडलेलो नाही!" आतून आवाज आला.

"बघा, ते स्वतःच नाही म्हणतायत," सेक्रेटरी म्हणाले. "मग तातडी कसली?"

खाली दातांचे डॉक्टर राहत आणि तिथेच त्यांचा दवाखानाही होता. धाकटे तडक खाली गेले. डॉक्टरांनी सगळं सहानुभूतीने ऐकलं, सरांची चौकशी केली, आणि मान हलवली. "दांडे ठोकायचे म्हणजे भिंतीत ड्रिल आलं. ते शक्य नाही हो. माझ्या पेशंटना ड्रिलचा आवाज सहन होत नाही."

धाकट्यांनी डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी टांगलेल्या यंत्राकडे बघितलं. मग डॉक्टरांच्या तोंडाकडे बघितलं. डॉक्टर अत्यंत गंभीर होते.

"माझ्या ड्रिलची त्यांनी मनाची तयारी केलेली असते," डॉक्टरांनी खुलासा केला. "वरून दुसरं ऐकू आलं की त्यांना वाटतं, हे पुढे आपल्यालाच लावणार. परवा नुसता वर पाट आपटला, तर एक गृहस्थ तोंडात कापूस घेऊन पळाले."

दांडे गेले, नवी फरशी गेली. फरशीवाल्याने मग शेवटचा उपाय काढला. एक औषध मिळतं, ते फरशीवर ओतलं की तिची गुळगुळीत साय निघून जाते आणि ती आपोआप खरखरीत होते. आवाज नाही, ठोकाठोक नाही, कुणाची परवानगी नाही. औषध ओतलं. रात्रभर घरात असा वास सुटला की काकूंनी दाराच्या फटीत ओली चादर कोंबली. सकाळी फरशी खरखरीत झाली होती, यात वाद नाही. पुसायला घेतलेलं फडकं पहिल्या फेरीतच फाटलं. खाली पडलेला साबण उचलायला गेलं तर निम्मा फरशीलाच राहू लागला. धाकट्यांची बायको म्हणाली, "अहो, यावर खोबरं छान किसेल. बाबांना आंघोळ घालायची आहे का तासून काढायचंय?"

पण सरांचं डोकं आता वेगळ्याच दिशेला लागलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मुलगा घर्षणात रस घेतोय, हे बघून ते पार बदलून गेले होते. शर्ट इस्त्रीचा घातला. चष्मा पुसला.

"तू अर्धाच विचार करतोयस," ते म्हणाले. "घर्षण फरशीत नसतं. ते फरशी आणि तळवा या दोघांत मिळून असतं. फरशी झाली. पायात काय घालायचं, ते कोण ठरवणार?"

"चप्पल घाला की कुठलीही."

"कुठलीही!" सरांनी हे असं उच्चारलं की धाकटे पुन्हा नववीत गेले. "मोजल्याशिवाय?"

आणि मग ते सुरू झालं. कपाटाची मधली फळी काढली गेली, त्यातले कपडे पलंगावर आले आणि धाकट्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. फरशीवाला औषध लावलेली एक लांबट फरशी नमुना म्हणून ठेवून गेला होता, ती फळीवर बांधली. तिच्यावर साबणाचं पाणी ओतायचं, वर चप्पल ठेवायची, चपलेत वरवंटा ठेवायचा, कारण रिकामी चप्पल आणि भरलेली चप्पल यांत सरांना संशयाला जागा ठेवायची नव्हती, आणि मग फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं. चप्पल ज्या कोनात घसरेल, तो कोन तिची लायकी. घरात फळी तिरकी करायला जागा पुरेना, म्हणून प्रयोगशाळा जिन्याच्या चौकात हलवली. तिथेच घोळ झाला.

घरातल्या चपला संपल्या तेव्हा काकू आपल्या घेऊन आल्या. "एवढं चाललंच आहे तर माझ्याही बघा." काकूंची चप्पल फळी उचलायच्या आतच घसरली. काकूंचा चेहरा पडला. "ह्यांनीच आणलेली," त्या म्हणाल्या आणि घरात जाऊन ह्यांना चार शब्द सुनावून आल्या. मग वरच्या मजल्यावरचे आले, मधल्या मजल्यावरचे आले. संध्याकाळपर्यंत चौकात चपला, सपाता, सँडल, बूट यांची अशी रांग लागली की परक्या माणसाला वाटावं, आत काहीतरी मोठा समारंभ आहे. सर एकेक चप्पल उचलून तिचा तळ बघत. "ही उजवीकडे झिजलीय. तुम्ही उजवीकडे कलून चालता. उजव्या खिशात काय ठेवता?" माणूस खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून अवाक होई. धाकटे वरवंटा ठेवत आणि उचलत होते. विमा कंपनीतला जबाबदार माणूस, पण साबणाच्या पाण्याने ओल्या झालेल्या पायजम्यात, लोकांच्या चपला हाताळतोय! कचेरीतल्या कुणी बघू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. तरी मधून मधून ते सरांकडे बघत, आणि बघत राहावंसं वाटत होतं. शाळा सुटल्यापासून सरांचा आवाज इतका खणखणीत लागला नव्हता.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. "सार्वजनिक जिन्यात पादत्राणं ठेवण्यास मनाई आहे," त्यांनी सुनावलं. "हे काय चाललंय?"

"सुरक्षेची तपासणी," सर म्हणाले. "तुमच्या पायातली द्या."

"माझी कशाला?"

"घाबरता का?"

भर जिन्यात सेक्रेटरी घाबरतो म्हटल्यावर काय करतील बिचारे! चप्पल काढून दिली. ती चांगली टिकली. सरांनी "उत्तम" म्हणताच सेक्रेटरींची छाती फुगली, आणि पुढचा तासभर ते स्वतः रांग लावत उभे राहिले. "ए, मध्ये घुसायचं नाही. नंबराने या."

सर्वांत शेवटी दातांचे डॉक्टर आले. आपल्या ड्रिलबंदीची त्यांना मनातून टोचणी लागली असावी. त्यांनी दवाखान्यात दिवसभर उभं राहायची जाड रबरी चप्पल आणली होती. ती फळीवर ठेवली. सर फळी उचलू लागले. चप्पल हलेना. आणखी उचलली. हलेना. फळी जवळजवळ उभी झाली, वरवंटा आतून निसटून सेक्रेटरींच्या पायाशी आदळला, सेक्रेटरी किंचाळले, पण चप्पल पालीसारखी चिकटून होती. जिन्यात टाळ्या पडल्या. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहाहा," ते म्हणाले, "काय घर्षणांक आहे!" डॉक्टरांनी तिथल्या तिथे आपल्याकडचा नवा कोरा जोड सरांना देऊन टाकला.

रविवारी ताई आली. येतानाच रिकामी बॅग घेऊन आली, म्हणजे निकाल ठरवूनच आली होती. तिच्यामागून काकू आल्या, सेक्रेटरी आले, डॉक्टर आले. प्रयोगात भाग घेतलेल्या प्रत्येकाला निकालाचा हक्क आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. बाथरूमच्या दाराशी दाटी झाली.

सर नव्या चपला घालून पुढे झाले. तेवढ्यात धाकट्यांना अवसान चढलं. "थांबा बाबा. आधी मी."

त्यांनी सरांच्या पायातल्या चपला मागून घेतल्या, पायात चढवल्या, फरशीवर दोन मग पाणी ओतलं, वर साबण फासला. "बघ ताई," ते म्हणाले, "मुद्दाम घसरायचा प्रयत्न करून दाखवतो. एवढा माणूस मुद्दाम घसरला तरी..." आणि पाय न उचलता, बर्फावरून सरकतात तसे ते झोकात पुढे निघाले.

पाय निघालेच नाहीत. जाड रबराने खरखरीत फरशी अशी काही धरली की पाय होते तिथेच राहिले, आणि कमरेपासून वरचे धाकटे ठरल्याप्रमाणे पुढे गेले. मराठीत तोंडघशी पडणे म्हणतात, त्याचं एवढं शुद्ध उदाहरण त्या इमारतीने पूर्वी पाहिलं नव्हतं. बादलीचा काठ दाताला लागला. उजवी चप्पल शेवटपर्यंत फरशी सोडेना, म्हणून घोटा मुरगळला.

"जडत्व!" सर दारातून ओरडले. जन्माची सवय, दुसरं काय! पण पुढच्याच क्षणी ते अनवाणी, साबणाच्या पाण्यातून, कुणालाही न जुमानता आत गेले आणि मुलाचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. "लागलं का रे? कुठे लागलं? बोल ना!"

"मी घसरलो नाही," धाकटे रक्ताळलेल्या तोंडाने म्हणाले.

"नाही रे बाळा, नाही घसरलास. अजिबात नाही घसरलास."

ताईने "बाबा, तुम्ही आधी बाहेर या!" म्हणून हंबरडा फोडला, काकू पाणी आणायला धावल्या, आणि सेक्रेटरी सगळ्यांना मागे सरा म्हणत स्वतः सर्वांत पुढे आले. डॉक्टरांनी घोटा दाबून बघितला आणि हळहळले. "हे हाडाचं काम, माझ्या खात्यातलं नाही." मग धाकट्यांचा ओठ वर करून बघितला आणि त्यांची कळी खुलली. "हा दात मात्र माझा. खाली या, लगेच करून टाकू. थोडं ड्रिल लागेल."

दुपारपर्यंत धाकटे पलंगावर होते. पाय उशीवर, घोटा टरारून सुजलेला, पुढच्या तुटक्या दातावर डॉक्टरांनी बसवलेला कोरा तुकडा. ताई आतल्या खोलीत सरांचे कपडे बॅगेत भरत होती. तिचं चुकत होतं असं म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. इतका उपद्व्याप करून बाथरूम आधीपेक्षा भयंकर झालं होतं, आणि ते धाकट्यांनी स्वतःच्या तोंडाने सिद्ध केलं होतं.

सर पलंगाशेजारी खुर्चीत बसले होते. त्यांनी सुजलेला घोटा चारी बाजूंनी निरखला. मग म्हणाले, "चूक माझी आहे. मी चप्पल मोजली, फरशी मोजली. चालणाऱ्याला मोजायचं राहिलं. आणि पाय घासत चालतं कोण या घरात? मीच. त्या चपलांत मी गेलो असतो तर..."

"म्हणून तर मी आधी गेलो," धाकटे म्हणाले. हे साफ खोटं होतं, ते ताईसमोर मिरवायला गेले होते. पण बोलून गेल्यावर त्यांना ते खरंच वाटायला लागलं, आणि त्या भरात जे इतक्या वर्षांत कधी तोंडातून निघालं नव्हतं तेही निघालं. "बाबा, तुम्ही जाऊ नका. मला करमणार नाही."

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. तो स्वच्छच होता.

"मला कुणी विचारलं आहे का?" ते हळूच म्हणाले. "ती नेते म्हणते, तू राहा म्हणतोस. माझ्या मनात काय आहे, ते कुणी विचारलं का?"

"काय आहे?"

"तिच्या दाराशी तो माणूस उभा असतो ना, त्याचा हात धरून जायचं माझ्या जिवावर येतं रे. बरा आहे बिचारा. पण परका आहे."

धाकट्यांनी उशी सारखी केली, सरांनी चष्मा परत चढवला. शेवटी निसर्गानेच सोडवणूक केली. धाकट्यांना बाथरूमला जायचं होतं आणि ते कसं सांगावं हे कळत नव्हतं. बायको औषधं आणायला गेली होती. त्यांनी चुळबुळ केली, पाय खाली टेकला आणि कळवळले. सर उठले आणि त्यांच्यापुढे हात धरला.

"चल."

"बाबा, तुम्हाला पेलणार नाही मी."

"चल म्हणतोय ना!"

दोघे निघाले. धाकटे एका पायावर उड्या मारत, सर पाय घासत. फळी काढल्यामुळे निम्मे कपडे अजून वाटेतच पडले होते, त्यांच्यातून वाट काढत, कधी भिंतीला, कधी कपाटाला टेकत ते बाथरूमच्या दारापर्यंत आले. पुढे ती खरखरीत फरशी होती. सर उंबऱ्याशी थांबले. मंगळवारनंतर या दारात पाऊल टाकताना रोज त्यांच्या छातीत धडधडत होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आता एकदा फरशीकडे बघून त्यांनी मुलाचं मनगट घट्ट पकडलं.

"हात सोडू नकोस हं," सर म्हणाले.

"नाही सोडत बाबा. पाय उचलून टाका. उचला... हां. आता दुसरा."

आतल्या खोलीच्या दारात ताई सरांचा स्वेटर हातात घेऊन उभी होती. कुणाला धरायला धावावं, हेच तिला कळेना. बाबांना धरावं तर धाकटा कलंडतोय, धाकट्याला धरावं तर बाबा पडतील. ती तशीच बघत राहिली. दोघे आत पोचले, तेव्हा तिने डोळे पुसले आणि घरी फोन लावला.

"अहो, बाबा येत नाहीयेत," ती म्हणाली. "नाही, बरे आहेत. आणता येत नाहीत. एकाला काढलं तर दुसरा पडेल."